गॅस की हार्ट, हे घरात ठरवत बसू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६२ वर्षांचे, बारा वर्षांपासून साखर, गावी आई-वडील दोघंच. पहाटे चारला त्यांना छातीच्या मधोमध जड वाटायला लागलं, घाम आला, एक उलटी झाली. पित्त असेल म्हणून इनो घेतलं, ढेकर आला, जरा हलकं वाटलं. तुम्हाला फोन आला साडेसातला आणि दवाखान्यात पोचायला दहा वाजले. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग ३५ टक्केच आलंय. आणि तुम्ही विचारताय, गॅस आणि हार्ट यातला फरक आम्हाला ओळखायला यायला हवा होता का?

मी २६ वर्षं आयसीसीयूत, म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर होते. तेवढ्या वर्षांच्या जोरावर सांगते, नाही. मलाही नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. आमच्याकडचे मोठमोठे डॉक्टरसुद्धा पेशंटशी बोलता बोलता आधी ईसीजी काढायला सांगायचे. त्यामुळे तुम्ही किंवा आईंनी स्वतःला दोष देऊ नका. घरच्यांनी फक्त एवढंच बघायचं, की सगळ्यात लवकर ईसीजी कुठे निघेल.

हृदयाची खालची भिंत छाती आणि पोटामधल्या पडद्यावर टेकलेली असते आणि पडद्याखाली लगेच जठर. त्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा बंद झाला की मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, ढेकर, कधी उचकीसुद्धा. इनोने बरं वाटलं म्हणजे हार्ट नाही, असं अजिबात नाही. ढेकर आल्यावर दुखणं उतरलेले आणि तासाभराने आमच्याकडे आलेले कितीतरी पेशंट मी पाहिलेत.

आणि पेशंट 'दुखतंय' असं म्हणतोच असं नाही. दडपल्यासारखं होतंय, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, आवळल्यासारखं, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं, हात भरून आलाय, जबडा ठणकतोय, असं म्हणतात. बोटाने जागा दाखवत नाहीत, मूठ किंवा सगळा तळवा छातीवर ठेवतात. माझा सगळ्यात जास्त विश्वास घामावर. पंखा चालू, थंडीचे दिवस, आणि बनियन पिळून काढावी इतकी ओली. ईसीजीचे रबरी बल्ब अशा छातीवर टिकत नाहीत, घसरून पडतात. गॉजने छाती पुसायची, जेली लावायची, बल्ब दाबून बसवायचा, तोवर बाजूचा निघालेला असतो. तसा गार, चिकट घाम हाताला लागला की मी ईसीजीची पट्टी बाहेर यायची वाट न बघता सलाईनची सुई तयार ठेवायची.

ज्यांना बरीच वर्षं साखर आहे त्यांच्या नसा बऱ्याचदा बोथट झालेल्या असतात, छातीत काहीच न होता नुसता दम लागतो किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं. तुमच्या वडिलांना पुढच्या वेळी (ती न येवो) छातीत जड वाटेलच असं धरून चालू नका.

बायकांचं आणखी वेगळं. पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये दुखणं, जबडा, धाप, दोन पावलं चालवेना इतका थकवा, असं जास्त सांगतात. आणि हातातलं काम टाकत नाहीत. एका बाईंच्या बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावताना नखांत सुकलेली कणीक दिसली होती. अस्वस्थ वाटायला लागल्यावर त्यांनी सगळ्यांचे डबे भरून दिले होते, मग सांगितलं. ताई, हे तुमच्या आईंसाठी मुद्दाम लिहितेय. सगळ्यांचं लक्ष आता वडिलांकडे असणार.

वेळेचं गणित असं. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की साधारण अर्ध्या तासात तिच्या टापूतला स्नायू आतल्या बाजूने मरायला लागतो. सहा तासांत बराचसा गेलेला असतो. बारा तासांपर्यंत वाहिनी उघडण्याचा फायदा होतो, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. तुमच्याकडे चार ते दहा असे सहा तास गेले. त्यातले साडेतीन तास घरातच गेले, रस्त्यावर नाही. हे जवळपास प्रत्येक केसमध्ये असंच असतं. लोक खड्ड्यांना आणि ट्रॅफिकला बोल लावतात, पण सगळ्यात जास्त वेळ 'सकाळ होऊ दे' यात जातो.

१९९८ साली माझ्या वडिलांचं असंच झालं. मी रात्रपाळीला होते. वॉर्डात फोन होता, नंबर त्यांच्या वहीत लिहिलेला होता. आई म्हणाली फोन लावते, तर म्हणाले, पोरगी ड्युटीवर आहे, तिच्या जिवाला कशाला घोर. ओवा खाल्ला, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. सकाळी सहाला गेले. त्याच रात्री मी दोन पेशंटना गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज लावलं होतं.

म्हणून आई-वडिलांना नुसतं 'काळजी घ्या' म्हणून उपयोग नाही. स्पष्ट सांगावं लागतं, की रात्री दोनला उठवलंत आणि गॅस निघाला तर आम्हाला आनंदच होईल. आणि पहिला फोन तुम्हाला नाही, १०८ ला. तुम्ही पुण्यात बसून दुसरं काय करणार? १०८ च्या गाडीत ऑक्सिजन असतो, माणूस असतो. गाडीला फार उशीर लागणार असं कळलं तर शेजाऱ्यांची चारचाकी. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. जिना उतरायला लावू नका, खुर्चीत बसवून दोघांनी खुर्ची उचलायची. आणि 'एकदा संडासला जाऊन आलो की मोकळं वाटेल' असं पेशंट हमखास म्हणतो. जाऊ देऊ नका. कुंथताना कोसळलेले, आतून कडी लावलेले, दार फोडून काढावे लागलेले पेशंट आमच्याकडे आलेत.

गाडी येईपर्यंत ॲस्पिरिन. साधी ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी, किंवा घरात इकोस्प्रिन १५० असेल तर दोन, दाताखाली चावून. अख्खी गिळली तर वरच्या आवरणामुळे ती उशिरा विरघळते. १९८८ साली सतरा हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापून आला होता. त्यात नुसत्या ॲस्पिरिनने हार्ट ॲटॅकचे मृत्यू साधारण २३ टक्क्यांनी कमी झाले. इतकी स्वस्त गोळी! पण ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली असेल, किंवा तोंड वाकडं, हातपाय लुळा असं काही असेल तर देऊ नका.

जिभेखाली ठेवायच्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या सॉर्बिट्रेट गोळीबद्दल मात्र मी सावध करीन. व्हॉट्सॲपवर ती खिशात ठेवायला सांगतात. बीपी आधीच उतरलेलं असेल तर या गोळीने आणखी कोसळतं, आणि खालच्या भिंतीच्या ॲटॅकमध्ये ते बऱ्याचदा उतरलेलं असतं. पुरुषांनी लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर धोका फारच मोठा, आणि ते घरच्यांसमोर सांगायला लाजतात. वडिलांच्या डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर बसवून एकच द्यायची. पाच मिनिटांत आराम नाही तर दुसरी देत बसू नका, १०८ लावा. जोरजोरात खोकण्याचा किंवा तिखटाचं पाणी पाजायचा उपाय फिरतो तो निव्वळ खोटा आहे.

दवाखान्यात गेल्यावर केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं नाही. 'छातीत दडपतंय, घाम आलाय' हे मोठ्याने सांगायचं. दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला नॉर्मल आला आणि त्रास तसाच असेल तर घरी जायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा, कारण सुरुवातीला पट्टी साफ दिसू शकते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात, ते वाढायलाही काही तास लागतात. वडिलांच्या जुन्या ईसीजीचा फोटो आईंच्या मोबाईलमध्ये ठेवा, तुलना करायला डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

गाव लांब असलं की लोक जवळचा दवाखाना सोडून थेट शहराकडे पळतात. ॲटॅक ईसीजीत दिसतोय आणि अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत दोन तासांत पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी जवळच्याच ठिकाणी घेऊन मग पुढे न्यायचं. आता टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एका झटक्यात शिरेतून देता येतं. तुमच्या तालुक्यात हे कुठे मिळतं, रात्री ईसीजी काढणारं माणूस कुठे असतं, हे या रविवारी गावी जाल तेव्हा स्वतः जाऊन विचारून या.

वाटेत पेशंट निपचित पडला, हाक मारून उठेना, तर श्वास नीट बघा. मधूनच घरघर करत हवा ओढल्यासारखं दिसतं, लोकांना वाटतं झोप लागली. ते श्वास घेणं नव्हे. छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही तळवे एकावर एक, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, मदत येईपर्यंत. तोंडात पाणी घालायचं नाही.

आता ३५ टक्क्यांचं. इको लगेच केलाय ना? त्यात मेलेल्या स्नायूबरोबर नुसता बधिर झालेला स्नायूही असतो, आणि तो काही आठवड्यांत जागा होऊ शकतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा इको होईल, तेव्हाचा आकडा खरा. तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. दात काढायचा म्हणून कुणी बंद करायला सांगितल्या तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गोळ्या मधेच थांबवल्या की नवीन स्टेंट (अँजिओप्लास्टीत बसवलेली जाळी) बंद पडू शकतो.

आणि आईंना एक विचारा. रात्री दाराला आतून जी लोखंडी आगळ लावतात, ती त्यांना एकटीला काढता येते का?