काटा हलंना गेलाय

"काहीच फरक पडंना, मग कशाला करायचं?" व्यायामाबद्दलचं हे वाक्य वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की 'मॅडम, तसं सगळं बरंय' अशी सुरुवात झाली तरी मला पुढचं कळतं. त्यातल्याच एका सरांची ही गोष्ट, ओळख लपवून.

वय 47, छत्रपती संभाजीनगरात शिक्षक. आधी 11 किलो उतरवलेले. पहाटे गोगाबाबा टेकडी, आठवड्यातून दोनदा जोर-बैठका. पण वर्षभर वजन जागेवरच. वैतागून त्यांनी चढण दुप्पट केली, गुडघा धरला, तीन आठवडे खाडा. सगळंच सोडायच्या बेतात माझ्याकडं व्यायामाचा सल्ला घ्यायला आले.

"माणसानं पुढं जायलाच पाहिजे ना, मॅडम?"

"जायला पाहिजे, ठीक. तो 'च' कुठून आणलात?"

हसले, पण पटलं नव्हतं. माझं निम्मं काम या एका अक्षराशीच चालतं.

तिसऱ्या भेटीला व्यायामाची वही मागवली. खाडा पडला की लाल गोल. निवडणुकीची ड्युटी, महालक्ष्म्या, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळे गोल. उजवीकडं बारीक पेन्सिलीनं टेकडी चढायला लागलेली मिनिटं. म्हटलं, "लाल सोडा. फक्त उजवी बाजू मोठ्यानं वाचा."

"16, 16, 17, 16..." ड्युटीच्या बारा दिवसांत तीनदाच चढले होते, त्यानंतर 17. पुढच्या आठवड्यात परत 16. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू होत गेला. पान उलटायचं विसरले.

तेव्हा कुठं मी सांगितलं, की तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात. तुमचे 16 मात्र 16 राहिले.

"म्हणजे मे महिन्यातल्या विहिरीवानी," ते म्हणाले. "पाणी आहे तेवढं टिकलं तरी लई झालं म्हणतो आम्ही."

उपमा त्यांची. मी मात्र तेव्हापासून सगळ्यांना ऐकवत सुटलेय.

कमवायला जेवढा घाम लागतो, तेवढा टिकवायला लागत नाही. अडचणीच्या आठवड्यात दिवस कमी करा, वेळही कमी करा, फक्त व्यायामाचा जोर कमी करू नका. आठवड्याला दोनच दिवस व्यायाम झाला तरी काही आठवडे दम आणि ताकद बहुतेक टिकते. एरवी आठवड्याला 150 मिनिटं झपझप चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप धरा. पारा 42 वर गेला की ऊन चढायच्या आत टेकडी उतरा, नाहीतर घरात बैठका काढा. वजनकाट्यापेक्षा आपलं एखादं माप ठेवा, तोच जिना, तीच चढण. महिन्यातून एकदा मोजलं तरी चालतं.

शेवटच्या भेटीतही वही होती. दहावीच्या पेपरांच्या आठवड्यासमोर लाल गोल नव्हता. पेन्सिलीनं एवढंच: "दोनदा. 16."