कूलंट घरी बदलताना आधी इंजिनात उरणाऱ्या पाण्याचा हिशेब करा

तुमची आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, वरचेवर नळाचं पाणी घालून गढूळ तांबूस झालेलं कूलंट, आणि दुकानातून आणलेला तीन लिटरचा तयार हिरवा कॅन. रेडिएटर रिकामा करायचा, दोनदा धुवायचा आणि हा कॅन ओतायचा, एवढं पुरेल का, असं विचारलंत. काम घरी नक्की होईल. फक्त तो कॅन इथे चालणार नाही, आणि त्याचं कारण समजून घेतलंत तर बाकीचं सोपं आहे.

खालचा ड्रेन प्लग उघडला की फक्त रेडिएटर रिकामा होतो. इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांमध्ये बरंच पाणी राहतं, बहुतेक छोट्या गाड्यांत एकूण क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास. समजा क्षमता पाच लिटर आहे आणि बाहेर आले अडीच. धुऊन झाल्यावर आत उरलेले अडीच लिटर म्हणजे निव्वळ पाणी. त्यावर तुमचं निम्मं पाणी आधीच मिसळलेलं तयार कूलंट अडीच लिटर ओतलं, तर गाडीत कूलंटचं प्रमाण उरतं जेमतेम पंचवीस टक्के. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण गंज रोखणारी रसायनंही त्याच प्रमाणात निम्मी होतात, आणि तुमचा मूळ त्रास गंजाचाच आहे. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणा. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघा, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. गाडी चालली की आत सगळं आपोआप एकजीव होतं.

कॉन्सन्ट्रेट घेताना रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा फक्त टाकलेला रंग असतो, त्याला सर्वमान्य नियम नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार डब्यावर शोधा.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. गरम असताना झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं. यात कुणीही घाई करू नये. सपाट जागा, हँडब्रेक, खाली रुंद घमेलं. प्लग बहुधा प्लास्टिकचा असतो, त्यामुळे हातानेच फिरवा आणि बसवतानाही जोर लावू नका. प्लगच नसेल, तर खालच्या होजचा, म्हणजे रबरी नळीचा, क्लॅम्प पकडीने मागे सरकवून होज काढा. आधी प्लग सैल करा, मग वरचं झाकण काढा, धार आपोआप मोठी होते. रिझर्व्ह टाकी काढून वेगळी धुवा, निम्मा गाळ तिच्यातच बसलेला असतो.

मग डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि गाडी चालू करून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधली उष्णतेवर चालणारी झडप, साधारण 80 ते 90 अंशांदरम्यान उघडतो. तोवर ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरकडे येतच नाही, आणि तो न उघडता काढलेलं पाणी स्वच्छ दिसून फसवतं. नंतर गाडी बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. पाणी नितळ येईपर्यंत हे परत करायचं, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवा. बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातला क्षार बारीक नळ्यांत थर धरतो. पहिल्या धुण्याला नळाचं चालेल, पण शेवटची दोन डिस्टिल्डच. कॉस्टिक किंवा ॲसिडही घालू नका, रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो.

भरताना हवा अडकते. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत आणि पातळी खाली जाईल तसं भरत राहा, मग झाकण लावून रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू-बंद होऊ द्या. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर हवा अजून आत आहे. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, त्यांत हेच सगळं दाबाच्या टाकीतून करायचं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही बदला. दाब टिकला नाही तर उत्कलनबिंदू खाली येतो, आणि ते कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढावर कळतं. पुढचे काही दिवस सकाळी थंड गाडीत पातळी बघा.

निघालेलं पाणी गटारात किंवा झाडाला ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरी चाटतात आणि थोड्यानेही मरतात. झाकणबंद कॅनमध्ये भरून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

आणि पहिल्यांदा प्लग उघडल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग किंवा दुधट फेस दिसला, तर धुवायला घेऊ नका. तिथे हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, तपासून घ्यावं लागेल.