हजेरी पलंगाजवळ घ्या

ताई, नमस्कार. जूनपासून ग्वाल्हेरच्या एका मुलांच्या निवासी शाळेत मुख्याध्यापक आहे. त्याआधी साध्या शाळेत गणित शिकवायचो. इथे सहावी ते बारावीची १८० मुलं आहेत आणि रात्री त्यांच्यावर वॉर्डन एकच. मेसमध्ये पोळ्या फेकतात, रात्री मेन स्विच पाडतात, मागच्या भिंतीवरून उड्या मारून मेळ्याला जातात. बारावीची मुलं सहावीच्यांकडून कपडे धुऊन घेतात, वॉर्डन म्हणतात, "पहिल्यापासून असंच आहे." मागच्या आठवड्यात संतापून मी सगळ्यांचे रविवारचे घरचे फोन बंद केले आणि पालकांनी आरडाओरडा केल्यावर निर्णय मागे घेतला. आता मी दिसलो की मुलं हसतात. माझा आवाजही मुळात बारीक आहे. राजीनामा द्यावा का?
– एक मुख्याध्यापक, ग्वाल्हेर

सर, आवाजाची काळजी आधी सोडा. वसतिगृह आवाजावर चालत नाही. कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोण मोठं माणूस हजर आहे, यावर चालतं. दंगा होतो त्या जागा आणि वेळा आठवडाभर वहीत लिहून काढा. बहुतेक नोंदी तीन ठिकाणी पडतील: शाळा सुटल्यापासून संध्याकाळच्या अभ्यासापर्यंत, जेवणाच्या रांगेत आणि दिवे मालवल्यानंतरचा पहिला तास. त्या वेळी वॉर्डन कुठे असतात, तेही शेजारी लिहा.

सगळ्यात आधी कपड्यांचं. याला परंपरा म्हणू देऊ नका. जो मोठा मुलगा लहानाकडून कपडे धुऊन घेतो, तो पुढे त्याचं दूध, पैसे, झोप सगळंच घेऊ शकतो. लहान मुलांची खोली वॉर्डनच्या दाराला लागून ठेवा. तिथे 'मॉनिटर' म्हणूनसुद्धा मोठ्या मुलाचा पलंग नको. आठवड्यातून दोनदा धोबी बोलवा आणि प्रत्येकाच्या कपड्यांवर नंबर घाला. बारावीच्या मुलांशी एकेकट्याने बोला. घोळक्यात कोणीच माघार घेत नाही. लहानांना "कोणी त्रास देतं का?" असं विचारलंत तर "नाही" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा दर महिन्याला नर्सकडून प्रत्येकाचं वजन-उंची घ्या. त्या निमित्ताने मूल दोन मिनिटं एकटं भेटतं. "काल कोणाचे कपडे धुतलेस?" असं सरळ विचारता येतं. वजन उतरत असेल तर त्याच्या ताटातलं कोण घेतं, ते बघा. बोलण्यात लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी शाळेत चौकशी समिती नेमत बसू नका. २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक मजल्यावर लावा.

म्हणूनच फोन बंद करायचा निर्णय मागे घेतलात हे बरंच झालं. तो घाबरून घेतला की विचार करून, याला आता महत्त्व नाही. घरचा फोन ही लहान मुलाची मदत मागायची वाट आहे, ती शिक्षा म्हणून कधीच तोडायची नाही. प्रार्थनेच्या वेळी दोन वाक्यांत सांगा: "तो निर्णय चुकीचा होता. यापुढे फोन कोणाचाच बंद होणार नाही." स्पष्टीकरण देत बसू नका. सगळ्यांना मिळून शिक्षा केली की ज्याने केलं तो हिरो होतो आणि ज्याने काही केलं नाही तो तुमच्यावर चिडतो. जी शिक्षा त्याच दिवशी, त्याच मुलाला, पालकांसमोर ठामपणे सांगता येईल अशी देता येत असेल, तेवढीच जाहीर करा. हात उगारायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारहाणीलाही मनाई करतं आणि मानसिक छळालाही.

पोळ्यांचं कारण मेसमध्येच सापडेल. एकाच खिडकीतून १८० मुलांना वाढायचं आणि प्रत्येकाला १५ सेकंद लागली, तर शेवटच्याचा नंबर ४५ मिनिटांनी लागतो. माणशी चार धरल्या तर ७२० पोळ्या. संध्याकाळी सहापासून लाटलेल्या त्या आठपर्यंत वातड होतात. दोन खिडक्या करा. सहावी ते आठवी साडेसातला, बाकीचे आठला. शेवटच्या तुकडीसाठी तवा चालू राहू द्या. आणि आठवडाभर रोज तुम्ही स्वतः शेवटच्या तुकडीत, त्याच खिडकीतून ताट घ्या. वरण पातळ का, हे आचाऱ्याला विचारायला मग कोणाची तक्रार लागणार नाही.

रात्रीची हजेरी मैदानात रांगेने घेऊ नका, त्यात एक जण दोघांची 'हजर' बोलतो. खोल्यांचा नकाशा काढा, प्रत्येक पलंगाला नंबर द्या आणि पलंगाजवळ जाऊन चेहरा बघून खूण करा. साडेदहाला एकदा, मग मध्यरात्रीनंतर एकदा, रोज वेगळ्या वेळी. स्विचबोर्डला कुलपाची पेटी बसवा, किल्ली रात्रपाळीच्या वॉर्डनच्या खिशात. जिन्यात चार्जिंगचे दिवे लावा, म्हणजे अंधार करण्यातली मजाच जाईल. खोल्यांना बाहेरून कुलूप लावायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो अजिबात ऐकू नका. आग लागली तर मुलं आत अडकतील.

मेळ्याबद्दल मात्र मुलांच्या बाजूने बोलते. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला मेळा ऐन थंडीत भरतो, आणि १५ वर्षांच्या मुलाने तो पाहू नये ही अपेक्षाच चुकीची आहे. तुम्हीच न्या. रविवारी दुपारी ३ ते ७, एका खेपेला ४० मुलं, सोबत चार मोठी माणसं, प्रत्येकाकडे दहा मुलांची यादी. खर्चाला सगळ्यांना सारखेच पैसे, म्हणजे घरून जास्त आणणाऱ्याचा तोरा राहत नाही. निघताना, पाचला ठरलेल्या जागी आणि बसमध्ये, अशी तीनदा मोजणी. भिंत ओलांडणारे शेवटच्या खेपेत जातील, पण जातील.

वॉर्डन लोकांशी भांडण काढू नका, पण ड्यूटीचा तक्ता लेखी करा आणि सही घ्या. सुट्टीचा अर्ज मंजूर करणारा माणूस एकच ठेवा, नाहीतर मुलं तुमच्याकडे नकार मिळाला की उपमुख्याध्यापकांकडे जातात.

राजीनामा आत्ता नको. व्यवस्थापनाला एक पानाचं पत्र द्या: रात्रीसाठी दुसरा वॉर्डन, धोबी, मेसची दुसरी खिडकी. उत्तर लेखी मागा आणि महिनाभर मुदत द्या. खिडकी आणि धोबी थोडे लांबले तर चालेल. पण १८० मुलांवर रात्री एकच माणूस ठेवायचा त्यांचा हट्ट कायम राहिला तर राजीनामा जरूर द्या, आणि त्यात कारण हेच लिहा.