आईचं कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय. केमो सुरूही नाही, तरी ती विसरायला लागली आहे. डॉक्टरांना सांगावं का?

सांगा. सर्जनना तर सांगाच, पण भूलतज्ज्ञांनाही सांगा. मी इंदूरमध्ये भूलतज्ज्ञ आहे. "वयच झालंय हो" म्हणून, नाहीतर "ऑपरेशन रद्द करतील" या धास्तीने घरचे हे दडवतात, असं फार वेळा दिसतं. नुसत्या विसरण्यावरून ऑपरेशन सहसा रद्द होत नाही. आमची तयारी बदलते.

केमोनंतर विसरायला होतं हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण काही पेशंटना हा त्रास उपचारांच्या आधीपासूनच असतो. तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६८, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू. म्हणजे मी आधी रक्ताचे रिपोर्ट मागेन. आतड्याच्या गाठीतून थोडं थोडं रक्त जात राहतं, हिमोग्लोबिन उतरतं, माणूस गळून जातो आणि कशात लक्ष लागत नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी असतील तर अधिकच. सोडियम, थायरॉइड, साखरही बघायला हवी. यातलं बरंचसं ऑपरेशनआधी सुधारता येतं. शिवाय झोप उडालेली असेल, दुखण्यावर ट्रामाडॉल चालू असेल, मन खचलं असेल, तरी असा गोंधळ होतो.

स्मरणाची तपासणी छोटीशी असते. तीन शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळ काढून त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवायची, मग ते शब्द परत सांगायचे. ती मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरा. इथल्या मराठी वस्तीतल्या, रामबागेतल्या, नारायण बागेतल्या कितीतरी आज्या बाजारात फाडफाड हिंदी बोलतात, पण दवाखान्यात घाबरल्या की मराठीच सुचते. तारीख चुकते आणि तिथी मात्र बरोबर येते, असंही होतं. श्रवणयंत्र असेल तर लावूनच न्या.

मी एवढं आग्रहाने सांगतेय, कारण आधीच विसरणाऱ्या पेशंटला ऑपरेशननंतर डिलिरियम, म्हणजे अचानक भ्रम होण्याचा धोका जास्त असतो. कुणी रात्री सलाइन उपटतं, पोटच्या पोरांना ओळखत नाही. कुणी अगदी गप्प पडून राहतं, आणि "आराम करतायत" असं समजून तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. आधी कळलं तर गुंगीची काही औषधं मी टाळते, दुखणं आटोक्यात राहील हे बघते, शुद्धीवर आल्याबरोबर चष्मा आणि श्रवणयंत्र द्यायला सांगते, आणि घरचं एक माणूस जवळ बसू देते.

झोपेची गोळी रोजची असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, नाव तेवढं सांगा. विसरणं केव्हापासून, कसं वाढत गेलं, हे लिहून न्या. एकाएकी वाढलं असेल, बोलण्या-चालण्यात फरक पडला असेल किंवा डोकं दुखून उलट्या होत असतील, तर ऑपरेशनच्या तारखेची वाट बघू नका, आजच दाखवा.