लेबनॉनचा ‘महजर’ आणि आपला महजर

लेबनीज-अमेरिकन लेखक खलील जिब्रान यांच्याविषयीच्या लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकांना ‘महजर साहित्य’ हा शब्दप्रयोग आढळला. मराठेशाहीतील महजराशी त्याचा संबंध आहे काय, आणि परदेशी स्थायिक झालेल्या लेबनीज लोकांना ‘अनिवासी’ म्हणावे काय, असे त्यांनी विचारले आहे.

संबंध नाही. आपला महजर म्हणजे गोतसभेने, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेने, सर्वांसमक्ष केलेला, साक्षी-निशाण्यांचा निवाडा; तो उपस्थितीवाचक अरबी धातूपासून आला असून ‘हजर’ आणि ‘हजेरी’ हे शब्द त्याचेच भाऊबंद आहेत. लेबनीज ‘महजर’ मात्र सोडून जाणे या अर्थाच्या धातूचा, म्हणजे ‘हिजरी’ सनाच्या कुळातला. अरबीत या दोन धातूंतील ‘ह’ आणि ‘ज’ निरनिराळ्या अक्षरांनी लिहिले जातात. देवनागरीत तो भेद पुसला जातो आणि हजर राहण्याचा शब्द व निघून जाण्याचा शब्द एकसारखे दिसू लागतात.

लेबनीज ‘महजर’ हे माणसांचे नव्हे, तर ती जिथे जाऊन वसली त्या मुलखाचे नाव. जिब्रान 1883 साली लेबनॉनमधील ब्शर्री येथे जन्मले, 1895 मध्ये बोस्टनला पोहोचले, आणि 1920 मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या पुढाकाराने लेखकांचा ‘लेखणी संघ’ उभा राहिला. म्हणून ते महजरचे साहित्य. परदेशी गेलेल्या माणसाला लेबनॉनमध्ये ‘मुग्तरिब’ म्हणतात आणि तेथील परराष्ट्र मंत्रालयाच्या नावातही हा शब्द आहे. त्याच धातूतील ‘गरीब’ म्हणजे मुळात परका, परदेशी. फारसीमार्गे आपल्याकडे येईपर्यंत तो निर्धन झाला. घर सोडलेल्या माणसाची अवस्था या एका शब्दाच्या प्रवासात मला फार जवळून दिसते.

‘अनिवासी’ टाळावे. आपल्याकडे तो करकायद्यातील, वास्तव्याच्या दिवसांवर ठरणारा शब्द आहे. स्वतः देश सोडून गेलेल्यांना ‘परदेशस्थ लेबनीज’ शोभते, परंतु पुढच्या पिढीला नाही. 2016 ते 2018 या काळात ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष असलेले मिशेल तेमेर यांचे आईवडील लेबनॉनहून आले होते, ते स्वतः मात्र ब्राझीलमध्येच जन्मले. त्यांना ‘लेबनीज वंशाचे ब्राझिलियन’च म्हटले पाहिजे. (ओस्मानी, म्हणजे तुर्की साम्राज्याची कागदपत्रे घेऊन आलेल्या लेबनीज लोकांना ब्राझीलमध्ये सरसकट ‘तुर्को’ म्हणत, हे त्यांना दिलेले चुकीचे नाव होते.) सर्वांना मिळून ‘जगभर विखुरलेला लेबनीज समाज’ म्हणावे, लेबनॉनमध्ये रूढ असलेल्या ‘इंतिशार’ म्हणजे पसरणे या शब्दाच्या ते जवळचे आहे.

अनुवादात ‘महजर’ ठेवायचाच असल्यास पहिल्याच उल्लेखापाशी अर्थ द्यावा, अन्यथा मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पाटीलकीच्या वतनाचा तंटा उभा राहील.