क्लोनाझेपॅमचा शेवटचा पाव तुकडा कधी सोडायचा?

तुम्ही विचारलंय की क्लोनाझेपॅम, म्हणजे घबराटीवर देतात ती सवय लागणारी गोळी, ०.५ एमजीवरून हळूहळू कमी करत आता ०.२५ च्या गोळीच्या पाव तुकड्यावर आलोय, हा तुकडा कधी सोडू, सोडायची भीती वाटते, एखादी स्ट्रिप जवळ ठेवू का, आणि घरचे म्हणतात एवढ्याशा तुकड्यात काय औषध असणार, सगळे मनाचे खेळ. ते 'मनाचे खेळ' वाचलं आणि डोकंच फिरलं माझं, नाहीतर मी इथे नुसता वाचत असतो, लिहायच्या भानगडीत पडत नाही.

घरच्यांचं चुकतंय. पाव तुकडा म्हणजे ०.०६२५ एमजी, आकडा छोटा आहे हे खरं, पण ०.५ घेणाऱ्याने तेवढंच कमी केलं तर त्याचा आठवा हिस्सा गेला, आणि तुम्ही तेवढंच कमी केलं तर तुमचं सगळंच गेलं. शिवाय ही औषधं मेंदूत सरळ हिशोबाने काम करत नाहीत. अळणी आमटीत पहिली चिमूट मीठ टाकलं की लगेच कळतं, आधीच खारट झालेलीत आणखी एक चिमूट गेली तर कुणाला पत्ता लागत नाही, तसं आहे ते. खालच्या डोसला प्रत्येक तुकडा मोठा असतो. म्हणून वरून उतरताना जो वेग झेपला तो खाली झेपेलच असं नाही.

आता माझं सांगतो. मी डोंबिवलीचा, मूळ गाव कुडाळजवळ. पहिला पॅनिक अटॅक लोकलमध्ये आला, तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या आणि त्या दिवशी गाडी नेमकी बोगद्यात थांबली. ठाण्याला उतरलो ते थेट डॉक्टरकडे, इसीजी नॉर्मल, आणि हातात एक चिठ्ठी, एसिटालोप्राम (नैराश्य-घबराटीवरचं रोजचं औषध) आणि क्लोनाझेपॅम एकाच गोळीत. किती दिवस घ्यायची हे कुणी सांगितलं नाही आणि मेडिकलवाला देत राहिला. ही एकत्र गोळी म्हणजे कमी करताना मोठी डोकेदुखी असते, अर्धी केली तर दोन्ही औषधं अर्धी होतात, आणि दोन्ही एकदम कमी केल्यावर त्रास झाला तर तो कशामुळे झाला कुणाला कळणार? नंतर ज्या सायकिअॅट्रिस्टकडे गेलो त्यांनी सगळ्यात आधी दोन्ही वेगळ्या करून दिल्या, एसिटालोप्रामला हात लावला नाही आणि फक्त क्लोनाझेपॅम उतरवायला घेतलं. तुमचीही एकत्र गोळी असेल तर आधी ते विचारा.

तर मी बऱ्यापैकी खाली आलो होतो, नोकरी चालू, झोप ठीक, आणि गणपतीला गावी गेलो. घरी आमचा दादा. दादाने एकेकाळी तंबाखू सोडली, एका दिवसात, आणि तेव्हापासून गावात कुणाला काहीही सोडायचं असो, दारू, साखर, सासरशी भांडण, दादा त्याला तंबाखूची गोष्ट सांगतो. माझ्या बॅगेत स्ट्रिप दिसली तशी त्याने ओटीवर चार माणसांत विषय काढला की माणसासारखा माणूस आणि झोपेच्या गोळ्या खातो. मी म्हटलं दादा, ह्या अशा एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांनी हळूहळू सांगितलंय. तर म्हणे, "डॉक्टराक दुकान चलवूचा असता. तुका काय्येक जावचा नाय." रात्री बघतो तर स्ट्रिप जागेवर नाही. बॅग उलटीपालटी केली, बायकोला विचारलं, मुलांना विचारलं. सकाळी आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत राखेत चांदी रंगाचा वितळून गोळा झालेला कागद सापडला, एका टोकाला अजून एक्स्पायरीचा महिना वाचता येत होता.

आणि गंमत म्हणजे पहिले दोन दिवस मला काहीच झालं नाही. आरत्या म्हटल्या, गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीची फळं बांधली, मोदकसुद्धा हाणले. दादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं, येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "बघा, काय्येक झाला नाय मां!" इथेच सगळे फसतात. क्लोनाझेपॅम शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात, म्हणजे गोळी बंद केली तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही कालच्या औषधावरच चालत असता. त्याच गटातलं अल्प्राझोलॅम घेणाऱ्याला लवकर कळतं, ते साधारण ११ तासांत निम्मं होतं. क्लोनाझेपॅमवाल्याला वाटतं जिंकलो, आणि मग बिल येतं.

माझं तिसऱ्या रात्री आलं. घरी भजन होतं, आमच्याकडे ते पहाटेपर्यंत चालतं, आणि झांज वाजली की कवटीच्या आत कुणीतरी वाजवतंय असं व्हायचं. नेहमीची माणसं, नेहमीच्या झांजा, मी लहानपणापासून त्या आवाजात झोपलेला माणूस. आरतीचं ताट हातात घेतलं तर निरांजन ताटात घसरत एका कडेला जाऊन टेकलं, एवढा हात थरथरत होता, शेजारच्या काकांनी काही न बोलता ताट काढून घेतलं. पाय आपोआप झटके देत होते, तोंडात नाणं चोखल्यासारखी चव. झोप तर शून्य. सकाळी दादा म्हणतो, "देवाच्या दिवसांत ह्या काय सोंग?"

कुडाळला मेडिकलमध्ये गेलो तर त्याने चिठ्ठीशिवाय द्यायला साफ नकार दिला. तेव्हा राग आला होता, पण त्याचं बरोबरच होतं, ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात. शेवटी तिथल्याच एका डॉक्टरांनी डोंबिवलीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून लिहून दिली. पुन्हा आधीचा डोस, मग काही महिने तिथेच थांबलो, आणि नंतरचा टेपर, म्हणजे डोस टप्प्याटप्प्याने उतरवणं, आधीपेक्षाही हळू. म्हणजे दादाच्या त्या एका चुलीने माझं जवळजवळ वर्ष खाल्लं. आपले उपकार आहेत असं तो आजही समजतो.

त्याला तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे बोलतो, कारण तुमच्या घरातही एखादा दादा असणार. तंबाखू एका दिवसात सोडता येते. चिडचिड होते, डोकं दुखतं, माणूस वैतागतो, पण फिट येत नाही. क्लोनाझेपॅम, अल्प्राझोलॅम, डायझेपॅम आणि हो, रोजची भरपूर दारू, ह्या गोष्टी एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए ह्या सरकारी संस्थेने २०२० मध्ये क्लोनाझेपॅमच्या सगळ्या गटाच्या औषधांवर चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा वाढवला तो ह्याच कारणासाठी, की ठरल्याप्रमाणे घेणाऱ्यालाही शरीराची सवय लागते आणि झटक्यात बंद करणं धोक्याचं आहे. ह्यात इच्छाशक्तीचा संबंध येतो कुठे? आणि दादा स्वतः बीपीसाठी अॅटेनॉलॉल घेतो, तीपण एकदम बंद करायची नसते, छातीत दुखण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. त्याची पट्टी मी चुलीत टाकली असती तर? तेव्हा ते सोंग झालं नसतं, तेव्हा अॅम्ब्युलन्स आली असती. बीपीची गोळी म्हणजे आजार आणि डोक्याची गोळी म्हणजे नाटक, हा जो हिशोब आहे ना आपल्या घरांतला, त्याचाच मला वैताग येतो.

बरं, तुमचा प्रश्न. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बऱ्याच संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात आहे की सुरुवात साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करून करावी, आणि कितीही झालं तरी २ आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. पण उरलेल्याचे दहा टक्के, मग उरलेल्याचे दहा टक्के असं करत बसलात तर शून्य कधीच येत नाही. कुठेतरी उडी मारावीच लागते. माझ्या डॉक्टरांनी पाव तुकड्याचे आणखी दोन करायला लावले, त्यावर काही आठवडे ठेवलं, आणि मग बंद. तुमचे डॉक्टर थेट पाववरून सोडा म्हणाले तर तेही चुकीचं नाही, गेल्या वेळी कमी केल्यावर तुम्हाला किती त्रास झाला त्यावर ते अवलंबून आहे. गेल्या वेळचाच त्रास अजून चालू असेल तर थांबा, कुणी मागे लागलेलं नाहीये.

तुकडे करायला मेडिकलमध्ये गोळी कापायचं छोटं कटर मिळतं ते घ्या, ब्लेडने अर्धी गोळी फ्रिजखाली जाते. तोंडात विरघळणारी एमडी गोळी असेल तर ती कापताना भुगा होतो, साधी लिहून मागा. तुकडा एखाद दिवस मोठा, एखाद दिवस बारीक झाला तर घाबरू नका, औषध शरीरात इतका वेळ टिकतं की उन्नीस-बीस आपोआप सरासरीत जातं. यूट्यूबवर गोळी ग्लासभर पाण्यात टाकून अर्धा ग्लास प्यायला सांगतात, ते अजिबात करू नका, क्लोनाझेपॅम पाण्यात विरघळतच नाही, तळाला बसतं, कुठल्या घोटात किती गेलं ते देवाला ठाऊक. आणि एक दिवसाआड घ्यायची आयडिया कुणीतरी देईलच, माझ्या डॉक्टरांनी दिली नाही आणि मलाही ती पटत नाही.

भीतीचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर अॅश्टन नावाच्या प्राध्यापक होत्या, १९८२ ते १९९४ त्यांनी फक्त ह्या गोळ्या सोडवायचं क्लिनिक चालवलं, त्यांचं म्हणणं होतं की शेवटचा टप्पा लोकांना सगळ्यात अवघड वाटतो पण हळू उतरलेल्या माणसाला तो बहुतेकदा आश्चर्य वाटावं इतका सोपा जातो. माझ्या बाबतीत तसंच झालं. तिकडे झांजा आणि ताट, आणि खरोखर शेवटचा कण सोडला तेव्हा काय, तर विचित्र स्वप्नं, पहाटे चारला जाग, आणि प्रेशर कुकरच्या शिट्टीला दचकणं. लाटा येतात, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी वाटतं सगळं परत आलं. एक लक्षात ठेवा, शेवटची गोळी घेतली तो दिवस शून्याचा नसतो, पूर्ण निघायला आठवडाभर सहज लागतो, म्हणून पहिल्या रात्री छान झोप लागली म्हणून पेढे वाटू नका आणि दहाव्या रात्री नाही लागली म्हणून हाय खाऊ नका. आवाज सहन न होणं, अंग फडफडणं, तोंडाची चव जाणं असं काही जे आजाराच्या आधी तुम्हाला कधीच नव्हतं, ते बहुधा गोळी सुटण्याचं असतं. जुनीच भीती, जुन्याच जागी, जशीच्या तशी आली आणि आठवडे गेले तरी हलत नसेल तर तो आजार असू शकतो, त्यासाठी पुन्हा क्लोनाझेपॅमच लागतं असं नाही, बोलून करायच्या थेरपीचा मला तरी जास्त उपयोग झाला.

सुट्टी नीट बघून तारीख ठरवा. गणपती, लग्नसराई, मार्चएंड, मुलीची बारावी, ह्यांत नको. आणि नातेवाईकांना सांगूच नका. बायकोला किंवा घरात एकाला सांगा, बाकीच्यांना गोळी सुटून सहा महिने झाल्यावर.

हे आधी लिहायला हवं होतं पण राहिलं: मी डॉक्टर नाही. कधी फिट आलेली असेल, रोज पीत असाल, गरोदर असाल, सोबत ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या चालू असतील, तर वरचं माझं काहीही धरू नका, तुमचा हिशोब वेगळा होईल. भ्रम व्हायला लागले, फिट आली, तर वाट न बघता हॉस्पिटल. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

स्ट्रिपचं राहिलंच. काहींना नुसती पाकिटात असली तरी धीर येतो आणि ते कधी उघडत नाहीत, काहींचा हात तिसऱ्या वाईट रात्री तिकडे जातो. मी ठेवली नव्हती, पण ती बायकोची अट होती, माझा निर्णय नव्हता. तुम्ही ह्यातले कुठले ते तुमच्या घरात कुणाला तरी नक्की माहीत असेल, त्यांना विचारा.