गोष्टी वाचतो, मग विज्ञानाचा धडा का समजत नाही?

‘मॅडम, गोष्टीचं पुस्तक दिलं तर एका बैठकीत संपवतो. पण विज्ञानाचा, भूगोलाचा धडा वाचून झाला की काही विचारा, सांगता येत नाही. पाठ करतो आणि पेपरात भलतंच लिहून येतो.’

सहामाहीचे पेपर हातात पडले की ही तक्रार घेऊन येणारे आईवडील इतके असतात की एकदा नीट लिहावं असं ठरवलं. तक्रारीपाठोपाठ कारणही येतं: लक्षच नाही, सगळा मोबाइलचा परिणाम. मोबाइलची काळजी मलाही आहे. पण या दुखण्याचं मूळ मला बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडलं आहे.

ओमचं उदाहरण घेऊ. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत. सातवीतला मुलगा, घर नाशिकमध्ये गंगापूर रोडला, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. आई त्याला घेऊन आली ती ‘याची एकाग्रता वाढवा’ म्हणतच.

मी त्याला गारपिटीवरची दोन पानं वाचायला दिली. वर मथळा, मध्ये उपमथळे, उंच ढगाचं चित्र आणि त्यात वर जाणारे बाण, शेजारी मधोमध कापलेल्या गारेचं चित्र, त्याखाली एक ओळ, कोपऱ्यात अवघड शब्दांची चौकट. मी फक्त त्याचं बोट बघत होते. ते थेट पहिल्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीवर गेलं आणि शेवटच्या ओळीवर उचललं गेलं. मथळा, चित्र, चौकट यांतल्या कशालाही ते लागलं नाही.

‘गार कशी तयार होते?’

‘थंडी असते म्हणून.’

‘चित्र का नाही पाहिलंस?’

‘चित्रावर प्रश्न येत नाही. उत्तर ओळींमध्येच असतं, बाई खूण करून देतात.’

हा मुलगा बेफिकीर नव्हता. उलट, त्याला जसं शिकवलं होतं तसंच तो इमानदारीने वाचत होता. गोष्टीत हे चालतं. तिथे एक ओळ पुढच्या ओळीकडे नेते, चित्र नसलं तरी अडत नाही. माहितीच्या लेखनात मात्र लेखक निम्मा मजकूर ओळींच्या बाहेर ठेवतो. ओम दोन्ही एकाच पद्धतीने वाचत होता, म्हणून त्याच्या हाती निम्मंच येत होतं.

पुढच्या वेळी मी परिच्छेदांवर कोरे कागद ठेवले. मथळे, चित्रं आणि चौकट तेवढी उघडी. ‘एवढ्यावरून सांग.’ बराच वेळ तो गप्प होता. मी घाई केली नाही, कारण माझ्या मते मुलाचं खरं वाचन या गप्प वेळातच सुरू होतं. मग म्हणाला, ‘बाण वर का चाललेत? पाऊस तर खाली येतो.’ नंतर कापलेल्या गारेवर बोट टेकवून, ‘ही कांद्यासारखी आहे, थराथराची.’ खालची ओळ त्याने आपणहून वाचली. ढगात जिथे पाणी कमी तिथे एक थर, जास्त तिथे वेगळा थर, असं तिथे लिहिलं होतं. मग त्याने स्वतःच जोडत नेलं: तापलेल्या जमिनीवरून हवा जोरात वर जाते, गारेला वर उचलून धरते, थेंब तिच्यावर गोठत जातात आणि वजन हवेला पेलेनासं झालं की गार पडते.

‘पण शून्याच्या खाली असलेलं पाणी आधीच कसं गोठत नाही?’ त्याचं उत्तर चौकटीत होतं: ढगातले बारीक थेंब शून्याखालीही पातळ राहू शकतात, कशाला तरी टेकले की गोठतात. ते वाचून त्याने परिच्छेदांवरचे कागद स्वतःच बाजूला केले. आता त्याला काहीतरी शोधायचं होतं. ‘थंडी असते म्हणून’ हे उत्तरही त्यानेच खोडलं, कारण 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली, म्हणजे थंडी सरून ऊन तापू लागतानाची गारपीट त्याच्या घरात अजून बोलली जाते.

लेखकाचा हेतू हा भाग मुलांना आणखी रुक्ष वाटतो. हेतू काय असं विचारलं की सगळी मुलं ‘माहिती देणे’ एवढंच म्हणतात. म्हणून मी वेगळा प्रश्न विचारते आणि अनेक मुलांवर तो लागू पडलेला पाहिला आहे: ‘हे वाचून झाल्यावर तू काय करावंस, असं लिहिणाऱ्याला वाटतं?’

ओमसमोर मी तीन कागद ठेवले: गारपिटीची तीच पानं, हवामान खात्याचं जिल्ह्याचं पत्रक आणि गारपीटरोधक जाळीची जाहिरात. त्याने तिन्ही उलटसुलट पाहिले.

‘याला वाटतं, मला कळावं. याला वाटतं, पप्पांनी आजच काहीतरी करावं. आणि याला वाटतं, पप्पांनी जाळी घ्यावी.’ जरा थांबून पुढे, ‘म्हणूनच याच्यात फुटलेले घड एवढे मोठे छापलेत आणि किंमत बारीक.’

हे मी त्याला शिकवलं नव्हतं. कागदावर काय मोठं आणि काय बारीक छापायचं हे लिहिणाऱ्याच्या हेतूवर ठरतं, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाने एका वाक्यात पकडली होती. वाचणारा आणि मजकूर यांच्यात देवाणघेवाण झाली तरच वाचन होतं, असं मी मानते. ती देवाणघेवाण त्या दिवशी माझ्या टेबलावर झाली आणि तिचं मला मनापासून समाधान आहे.

वडील एकदा सोबत आले. पत्रक पाहून म्हणाले, ‘या हवामान खात्याचं काही खरं नसतं. ऑरेंज अलर्ट देतात आणि आमच्याकडे थेंब पडत नाही.’ ओमने कागद त्यांच्याकडे वळवला. ‘पप्पा, खालची सूची वाचा ना.’ पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर. ‘मुसळधार’ म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त. इगतपुरीत धो धो पडत असताना सिन्नर कोरडं असतं हे वडिलांना माहीतच होतं. पण पत्रकही तेच सांगतंय, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते सूची दोनदा वाचत बसले.

घरी करायचं ते अवघड नाही. धडा सुरू करण्याआधी पाच मिनिटं फक्त मथळे, चित्रं, तक्ते आणि त्यांखालच्या ओळी बघू द्या. प्रत्येक उपमथळ्याचा प्रश्न करायला सांगा: ‘ढगांचे प्रकार’ असेल तर, किती? ओळखायचे कशावरून? मग वाचू द्या. ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा, कारण त्याला मूल हो म्हणूनच मोकळं होतं. त्याऐवजी चित्र झाकून त्याला ते काढून दाखवू द्या.

सरावाला महागडी पुस्तकं लागत नाहीत. वर्तमानपत्रातली हवामानाची चौकट, वीजबिल, खताच्या गोणीवरचा तक्ता पुरतो. ‘येत्या 48 तासांत ढगफुटी’ असा संदेश व्हॉट्सॲपवर आला की मुलालाच तपासायला द्या. तारीख आहे का? कोणी दिला? ढगफुटी म्हणजे सुमारे 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या भागात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. एवढ्याशा भागाचं इतक्या आधी कोणी नेमकं सांगू शकेल का? आपलं मूल हे आपल्याला समजावून सांगतं तेव्हा त्याला मध्येच दुरुस्त करू नका, शेवटपर्यंत ऐका.

गुण कधी वाढतील, हे ओमच्या आईनेही विचारलं होतं. वार्षिक परीक्षेत वाढले. पण त्याआधीच तो धड्यातल्या नकाशावर प्रश्न विचारू लागला होता आणि मी त्याकडे जास्त लक्ष देते.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. मूल गोष्टसुद्धा अडखळत वाचत असेल, अक्षरं उलटी लिहीत असेल, ओळ सुटत असेल किंवा वाचताना डोकं दुखतं म्हणत असेल, तर हा उपाय त्याच्यासाठी नाही. आधी डोळे तपासून घ्या आणि मग तज्ज्ञाकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या.